तलावाची पाळ व पाण्याचा जोर

लाखांदूर भागातील धानशेतीला जुन्या मालगुजारी तलावांचा आधार आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. पावसाने ताण दिल्यास अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्यावर माती टाकण्याचा मोह होतो. त्यातील धोका शेतकरी बंधूंनी समजून घ्यावा.

एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो, म्हणजे एक टन असते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पाळीशी २ मीटर पाणी असल्यास तिच्या दर मीटर लांबीवर २ टन आडवा जोर पडतो; तेच अडीच मीटर झाल्यास ३ टनांहून अधिक. खोली पावपटीने वाढली, तर जोर दीडपटीहून अधिक वाढला.

तलाव लहान असो वा मोठा, खोली तीच असल्यास हा जोर तितकाच राहतो. लाटांचे तसे नाही. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल, तितकी लाट मोठी होते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची शक्ती चौपट होते व ती पाळीची माती खाते. सांडवा उंचावल्यास पाणी माथ्याजवळ येते आणि लाटा माथा ओलांडू लागतात. मातीची पाळ माथ्यावरून वाहू लागली की फार काळ टिकत नाही. मग खालच्या बांध्यांतील धान वाहून जाते.

यास्तव सांडवा मोकळा ठेवावा. साठा वाढविण्यासाठी उन्हाळ्यात, पाळीचा पायथा सोडून, गाळ काढावा. पायथ्याशी गढूळ पाणी पाझरताना दिसल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी वर कळवावे.