घरच्या संगणकाला सुटी हार्ड डिस्क जोडताना

बेटेगाव-बोईसर भागातील अनेक घरांत आज संगणक आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यातच असतात. संगणक बिघडला की सारे एकदम जाते. म्हणून दुसरी प्रत सुट्या डिस्कवर हवी.

डिस्कची वायर शक्यतो संगणकाच्या मागच्या यूएसबी खाचेत लावावी. पुढच्या खाचेतून वीज कधी कधी अपुरी पडते. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून अधिक.

नवी डिस्क दिसलीच नाही तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ती ‘इनिशियलाइज’ करावी, मग फॉरमॅट करावी. घात होतो तो इथेच. चुकीची डिस्क निवडली तर आतले सारे पुसले जाते. भावाच्या लग्नाचे फोटो मी स्वतः असेच घालवले आहेत! तेव्हा डिस्कचा क्रमांक व आकार दोनदा वाचावा. फक्त विंडोजवर वापरायची असल्यास एनटीएफएस, मॅकवरही लिहायचे असल्यास एक्सफॅट निवडावे. फॅट३२ मध्ये ४ जीबीची फाईलसुद्धा मावत नाही.

‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय वायर ओढू नये. मजकूर डिस्कवर उतरायचा राहिलेला असू शकतो. नंतर डिस्क कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवली तर विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्ही प्रती एकदम नेतो. महिन्यातून एकदा ती लावून दोन-चार फायली उघडून पाहाव्यात.