संतती प्रतिबंधाची कायमची शस्त्रक्रिया : शेतकरी कुटुंबाने काय पाहावे?



पेरणी केव्हा करायची, खत किती द्यायचे, हे आपण घरात चार वेळा बोलून ठरवतो. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया मात्र शेजारणीने केली म्हणून किंवा सासूबाईंनी सांगितले म्हणून उरकली जाते. ही शस्त्रक्रिया कायमची आहे. पुन्हा नलिका जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते. म्हणून पुढील बाबी नवरा-बायकोने एकत्र बसून वाचाव्यात.

शस्त्रक्रियेत काय करतात?

स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या दोन बीजवाहिन्या असतात. त्या बांधून कापतात किंवा त्यांवर रिंग बसवतात. गर्भाशय व बीजांडकोष जागेवरच राहतात. त्यामुळे पाळी पूर्वीप्रमाणे येते. याचे दोन प्रकार आहेत.

१) टाक्याची : पोटावर लहानसा छेद घेऊन करतात. बाळंतपणानंतर ७ दिवसांच्या आत करता येते.

२) बिनटाक्याची (दुर्बिणीची) : छेद अगदी लहान असतो. बाळंतपणानंतर लगेच करत नाहीत, किमान ६ आठवडे थांबतात.

एरवी पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करणे सोयीचे असते. शासनाच्या नियमाप्रमाणे स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे. पतीची सही सक्तीची नाही.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

मूल नको म्हणून गर्भपिशवी काढून घेऊ नये. ती मोठी व वेगळी शस्त्रक्रिया आहे. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड भगिनींच्या पिशव्या तरुण वयातच काढल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोषही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला हे परवडणारे नाही. कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

हंगाम पाहून दिवस ठरवा

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. त्यानंतर हलकी कामे करावीत. पूर्ण कामास सुमारे दोन आठवड्यांनी हळूहळू लागावे. भाताची लावणी, कापसाची वेचणी किंवा ऊसतोडणी तोंडावर असेल, तर ही विश्रांती मिळत नाही. तेव्हा शक्य असल्यास कामाची घाई नसलेला काळ निवडावा. पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा व धारा काढणे ही कामे त्या काळात घरातील पुरुषांनी करावीत.

ताप, पोटात तीव्र दुखणे, जखमेतून पू किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हजारात सुमारे पाच स्त्रियांना पहिल्या वर्षात गर्भ राहू शकतो. म्हणून पाळी चुकल्यास लगेच तपासणी करावी. गर्भ नलिकेत राहिला, तर जिवाला धोका असतो.

बंधूंनो, तुमचे काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीने शस्त्रक्रिया केल्याचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. मर्दानगी कमी होत नाही, अंगातील ताकदही जात नाही. मात्र पहिले तीन महिने निरोध वापरावा आणि त्यानंतर वीर्य तपासून घ्यावे.

निर्णय पक्का नसेल, तर तांबी बसवावी. ती दहा वर्षांपर्यंत काम देते व हवी तेव्हा काढता येते.

अधिक माहिती गावातील आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल. जाताना मात्र दोघांनी मिळून जावे.