कॅन्सरची ‘स्टेज’ कशी ठरते?

वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. भाईंदरहून लोकलने दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल, अशा खेपा चालू आहेत. पालकसभेनंतर त्याची आई थांबली. म्हणाली, “मॅडम, रिपोर्टवर टी३ लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज ना?”

असंच पुष्कळांना वाटतं. पण टी३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. बघा, जठराच्या भिंतीला थर असतात. गाठ आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असली तर टी१, स्नायूंत शिरली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या आवरणाच्या आतच राहिली तर टी३, आवरण फोडलं की टी४. ‘एन’ म्हणजे लसिकाग्रंथी: १-२ बाधित असतील तर एन१, ३ ते ६ एन२, ७ किंवा जास्त एन३. ‘एम’ म्हणजे दूरच्या अवयवांत पसरणं.

तिन्ही मिळून स्टेज ठरते. आजोबांचं टी३, एन१, एम०. ऑपरेशननंतरच्या तक्त्यात ही दुसरी स्टेज! ऑपरेशनपूर्वीचा तक्ता मात्र वेगळा असतो, त्यामुळे जुन्या कागदावर तिसरी दिसली तरी गोंधळू नका.

आणखी एक. ग्रंथी किती तपासल्या तेही वाचा. निदान १६ तपासाव्यात असं मानतात. पाचच प्रश्न तपासून अख्ख्या पेपरचे गुण कसे देणार? आजोबांच्या रिपोर्टवर होतं: १८ पैकी २.

“मग मंगळवारी डॉक्टरांना काय विचारू?” तिने मुलाचीच वही उघडली.