घरच्या कार्यशाळेसाठी राऊटर : निवड आणि सुधारणा

सुतारकामात लाकूड कापण्याइतकेच ते कोरण्याचे महत्त्व आहे. चौकटीला पताम पाडणे, फळीच्या कडेस गलता काढणे, कप्प्याच्या फळीसाठी खाच घेणे, ही सर्व कामे पूर्वी निरनिराळ्या रंध्यांनी व पटाशीने होत असत. आजही होतात. हीच कामे विजेच्या बळावर करणारे यंत्र म्हणजे राऊटर होय. त्यातील पाते मिनिटास दहा ते तीस हजार फेरे घेते आणि ज्या आकाराचे पाते, त्या आकाराची खाच लाकडात उमटते. हल्ली अनेक घरांत लहानशी कार्यशाळा असते व कित्येक विद्यार्थ्यांस या यंत्राची ओढ असते. परंतु ते कोणते घ्यावे, आणि घेतलेले अपुरे पडू लागल्यास प्रथम काय बदलावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्यामुळे पैसा वाया जातो आणि प्रसंगी बोटावरही बेतते. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रशुद्ध ओळख करून घेऊ.

राऊटरचे प्रकार

सोयीसाठी तीन वर्ग मानावेत. पहिला लहान राऊटर. यास आपल्याकडील कारागीर ‘ट्रिमर’ म्हणतात. त्याची शक्ती साधारण ५०० ते ७०० वॅट असते व तो एका हाताने धरता येतो. सनमायक्याची कड छाटणे, लहान गलता काढणे, उथळ खाच घेणे हे त्याचे काम. दुसरा मध्यम, सुमारे १००० ते १६०० वॅटचा. घरगुती पाट, चौरंग, देव्हारा, कपाट इतक्या कामांस तो पुरतो. तिसरा मोठा, २००० वॅटच्या वरचा. दाराच्या जाड चौकटी व मोठे गलते ज्यास रोज काढावयाचे आहेत, त्यानेच तो घ्यावा.

याखेरीज बैठकीचा भेद आहे. काही यंत्रांत पात्याची खोली एकदा ठरवून घट्ट करावी लागते. काहींत यंत्र चालू असतानाच दोन दांड्यांवरून खाली दाबता येते. यास प्लंज राऊटर म्हणतात. फळीच्या मध्यभागी खाच सुरू करावयाची असेल, तर हा दुसरा प्रकार सोयीचा व निर्धोक होय.

वॅटपेक्षा कोलेट महत्त्वाचे

दुकानात बहुतेक जण प्रथम वॅट विचारतात. खरे पाहता आधी कोलेट विचारावे. पात्याची दांडी ज्या चिमट्यात धरली जाते, तो भाग म्हणजे कोलेट. लहान यंत्रांत तो ६ किंवा ६.३५ मिलिमीटरचा असतो, मोठ्यांत १२ किंवा १२.७ मिलिमीटरचा. ६ व ६.३५ यांतील फरक डोळ्यांस दिसत नाही, परंतु ६.३५ च्या कोलेटमध्ये ६ ची दांडी बसविल्यास ती पुरती आवळली जात नाही व भर वेगात सुटू शकते. म्हणून पाते घेताना माप वाचूनच घ्यावे.

जाड दांडीचा लाभ किती, हे गणिताने पाहू. भरीव गोल दांडीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. ६.३५ ची दांडी १२.७ ची केली, म्हणजे व्यास दुप्पट झाला; आणि २ × २ × २ × २ = १६. म्हणजे तितक्याच लांबीची दांडी सोळापट ताठ झाली! खोल खाच घेताना पाते थरथरून कड लाटेसारखी उमटते, तिचे कारण पुष्कळदा अपुरी शक्ती नसून बारीक दांडी असते.

वेग का बदलता यावा?

दुसरा आवश्यक गुण म्हणजे फेरे कमीजास्त करण्याची सोय. १२ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास २२,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या धारेचा वेग सेकंदास सुमारे १४ मीटर, म्हणजे तासास ५० किलोमीटर होतो. तितक्याच फेऱ्यांवर ५० मिलिमीटर व्यासाचे पाते लावले, तर धारेचा वेग तासास २०० किलोमीटरच्या वर जातो. असे पाते लाकूड जाळते, हातास हिसका देते आणि तुटले तर जीवावर बेतते. तेच १२,००० फेऱ्यांवर आणले की वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून नियम असा : पाते जितके रुंद, तितके फेरे कमी. ज्या यंत्रात वेग बदलता येत नाही, त्यात रुंद पाते लावूच नये.

आपल्या भागातील विशेष विचार

पाटण तालुका कोयनेच्या खोऱ्यातील. ज्या कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॅट आहे, त्याचे धरण याच तालुक्यात आहे. तरीही पावसाळ्यात वाऱ्यापावसाने तारा तुटतात आणि घरची वीज जाते. खाच घेत असता वीज गेली, तर प्रथम यंत्राचे बटण बंद करावे व मग प्लग काढावा. बटण चालूच राहिले, तर वीज परत येताच यंत्र आपोआप फिरू लागते. ही एक सवय मुलांच्या अंगी बाणवली, तरी मोठा अनर्थ टळेल.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. वॅटला व्होल्टने भागिले की प्रवाह मिळतो. ७०० वॅटच्या यंत्रास सुमारे ३ अँपिअर लागतात. ते ६ अँपिअरच्या साध्या जोडणीवर चालेल. २३०० वॅटच्या यंत्रास १० अँपिअर लागतात. त्यास १६ अँपिअरची जोडणीच हवी. लांब वायर वापरताना ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते.

येथील दमट हवेत लोखंडास गंज लवकर चढतो व लाकूड फुगते. पावसाळ्यात मापाने घेतलेली खाच उन्हाळ्यात सैल पडते. म्हणून नाजूक सांधे सुकलेल्या लाकडावरच करावेत. सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. ते साध्या पोलादाची धार लवकर घालवितात. सागावर कार्बाइड धारेचे पाते वापरावे.

सुधारणा कोणत्या क्रमाने?

यंत्र अपुरे वाटू लागले, की नवे घेण्याची घाई होते. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

पहिली सुधारणा पात्याची. लाकडावर काळे डाग पडत असतील, तर पाते बोथट झाले आहे, त्यावर राळ साठली आहे, किंवा हात फार सावकाश चालतो आहे, असे समजावे. दहा पात्यांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा नित्य लागणारी तीन चांगली पाती घ्यावीत.

दुसरी सुधारणा मार्गदर्शनाची. सरळ पट्टी, कडेचे गाइड व नमुन्याची फळी यांनी लहान यंत्राचे कामही रेखीव होते. तिसरी सुधारणा मेजाची. राऊटर मेजाखाली उलटा बसविला, म्हणजे लहान तुकडे दोन्ही हातांनी आधार देऊन सरकविता येतात. मात्र मेजास पात्यावरील आडोसा व हाताशी येणारे बटण असलेच पाहिजे.

यानंतरही यंत्र दबू लागले, तर प्रथम खोली कमी करावी. ९ मिलिमीटरची खाच एका दमात न घेता तीन वेळा ३-३ मिलिमीटरने घ्यावी. इतके करूनही काम अडत असेल, तरच मोठे यंत्र घ्यावे. जुने विकू नये. कड छाटण्यास तेच हलके पडते.

वापराचे नियम

पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा. दांडीचा निदान तीन चतुर्थांश भाग कोलेटमध्ये असावा. मात्र ती तळाशी टेकवू नये, थोडी वर घेऊन आवळावी. फळीच्या बाहेरील कडांवरून यंत्र घड्याळाच्या उलट दिशेने न्यावे, चौकटीच्या आतील कडांवरून सुलट दिशेने. विरुद्ध नेल्यास यंत्र हातातून पळते. चष्मा, कानांचे संरक्षण व नाकावर मास्क अवश्य घालावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे. सैल बाह्या व ओढणी यंत्राजवळ नसावी, आणि मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून यंत्रास हात लावू नये.

शेवटी एक गोष्ट. मिरजेच्या ज्या सितार व तानपुऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती वाद्ये कारागिरांच्या कसलेल्या हातांनीच घडत आली आहेत. यंत्र हाताचा वेग वाढविते. हातास शहाणपण देत नाही. म्हणून पालकांनी मुलास प्रथम गुण्या, रंधा व पटाशी द्यावी. रेघ सरळ आखता आली, लाकडाचा रेषा ओळखता आला, म्हणजे राऊटर द्यावा. तात्पर्य, आधी काम ठरवावे, मग पाते, मग कोलेट व वेग, आणि सर्वांत शेवटी वॅट पाहावेत. या क्रमाने चालणाऱ्याचा पैसा वाचेल, काम उजळेल आणि दहाही बोटे शाबूत राहतील.