आरोपी अल्पवयीन असला, तर?

प्रश्न : अकरावीतला माझा भाचा कोल्हापुरात वसतिगृहात राहतो. मोठी मुलं त्याला मारतात. उद्या जिवावर बेतलं, तर सतरा वर्षांचे आरोपी तीन वर्षांत सुटणार का?
– एक मामा, कागल

उत्तर : सरसकट नाही. खुनाचा आरोपी १६ ते १८ वर्षांचा असल्यास, बाल न्याय कायदा २०१५नुसार बाल न्याय मंडळ त्याची समज तपासून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. फाशी मात्र देता येत नाही.

पण शिक्षा व्हायला वर्षं लागू शकतात. तमिळनाडूत १९९६मध्ये नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमधून खून झाला. सज्ञान सीनियरची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०११ उजाडलं. म्हणून आधीच हालचाल करा. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखाने सात दिवसांत करायची असते; कानाडोळा केल्यास तोही शिक्षेस पात्र ठरतो. आजच तक्रार द्या, पोच घ्या.