वर्गातील स्वमग्न मूल आणि आपण डॉक्टर

शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने लोटले, की बेळगावातील आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एका ठरावीक मजकुराच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. ‘मुलगा एका जागी बसत नाही, हाक मारली तर बघत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, तरी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.’ चिठ्ठी बालवाडीच्या बाईंची असते किंवा पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकेची. पालक ती काहीशा अपराधी चेहऱ्याने पुढे करतात. या मुलांपैकी काहींना कमी ऐकू येत असते, काहींना चष्म्याची गरज असते, काही नुसतीच खोडकर असतात. उरलेल्यांपैकी काही स्वमग्न असतात. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत टिकवून धरण्यासाठी शाळेने, घराने आणि मुख्यतः आपण वैद्यकीय व्यवसायातील मंडळींनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘स्वमग्नता’ हा ऑटिझमसाठी मराठीत रूढ झालेला शब्द सुरेख आहे, पण थोडा अन्यायकारकही आहे. ऐकणाऱ्यास वाटते, हे मूल आपल्याच तंद्रीत सुखाने रमले आहे, त्याला आपली गरज नाही. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. बाहेरचे जग त्याच्यावर एकदम कोसळत असते, आणि त्यातून वाट काढण्याची साधने त्याच्यापाशी अपुरी असतात. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी मिळत्याजुळत्या मुलांविषयी लिहिले. त्यानंतर बराच काळ आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, अशी समजूत तज्ज्ञांतही प्रचलित होती. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात ती खोडून काढली आणि मेंदूच्या जडणघडणीकडे लक्ष वेधले. आपल्याकडे ‘आई नोकरी करते म्हणून’ हे वाक्य नातलगांच्या तोंडून अजूनही ऐकू येते. ते ऐकले की मी त्या आईसमोरच नातलगांना रिमलँड यांची गोष्ट सांगतो.

लसीविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. तो २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. लाखो मुलांच्या अभ्यासांतून असा संबंध आढळलेला नाही. तरीही धाकट्या भावंडाची लस टाळणारे पालक आपणांस भेटतात, म्हणून ही उजळणी.

आपल्या देशात हे प्रमाण किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाच ठिकाणी तपासणी झाली. त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता, तसेच हैदराबादही होते. मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ प्रकारच्या अडचणींपैकी निदान एक तरी साधारण आठांतील एका मुलात आढळली. निव्वळ स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास येते. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी दहाएक मुले असू शकतात. मुख्याध्यापक ‘आमच्याकडे असे कोणी नाही’ म्हणतात, तेव्हा ती मुले ‘हट्टी’, ‘मठ्ठ’ किंवा ‘एकलकोंडी’ या नावांनी वर्गात बसलेली असतात. शांत, आज्ञाधारक, दुसऱ्या मुलींचे पाहून तसेच वागण्याची सवय लावून घेतलेल्या मुली तर कित्येकदा कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

निदानाची चर्चा वैद्यकीय वाचकांपुढे लांबवीत नाही. वर्षभराचे मूल नावाने हाक मारली असता वळत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असा दिलासा देऊन परत पाठवू नये. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. फेफऱ्याविषयी विचारावे. निदानाची वाट न पाहता घरी करावयाच्या गोष्टी सुरू कराव्यात. याबाबतीत गोव्यात आणि रावळपिंडीत मिळून झालेला एक अभ्यास मला फार आश्वासक वाटतो. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ मुलांच्या या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाच्या कलाने संवाद साधावयास शिकविले. मूल आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले. तज्ज्ञ जवळ नाही, ही सबब त्यानंतर तितकीशी टिकत नाही.

वर्गात नेमके काय अडते

आता वर्गाकडे येऊ. स्वमग्न मुलाला भाषा शब्दशः कळते, आणि आपली मराठी तर वाक्प्रचारांनी ओसंडून वाहणारी. ‘डोके खाऊ नकोस’ म्हटल्यावर ‘मी डबा खाल्ला’ असे गंभीरपणे उत्तर देणारा मुलगा उद्धट ठरतो. ‘पाढे पाठ करा’ म्हटल्यावर एका मुलाने बाईंकडे पाठ केली. वर्ग हसला आणि त्याला शिक्षा झाली. तहान लागली की काही मुले ‘तुला पाणी हवे का?’ असे म्हणतात, कारण पाणी मिळण्याच्या वेळी आईच्या तोंडून हेच वाक्य ऐकलेले असते. ‘मी’ आणि ‘तू’ यांची ही अदलाबदल म्हणजे थट्टा नव्हे. बाईंनी आडवळणाने बोलण्याऐवजी ‘पुस्तक बंद करा, वही काढा, तारीख लिहा’ अशा छोट्या सूचना एकामागून एक द्याव्यात, आणि दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर फळ्याच्या कडेला लावून ठेवावा. याचा लाभ वर्गातील इतरही अनेक मुलांना होतो, असे शिक्षिकाच सांगतात.

दुसरी अडचण संवेदनांची. शर्टाच्या गळपट्टीला शिवलेली चिठ्ठी, कुरकुरणारा पंखा, डब्यांचे एकत्र मिसळलेले वास या गोष्टी आपण विसरून जातो. या मुलांना त्या विसरता येत नाहीत. आपल्या गावातील शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक ज्यांनी घराच्या गॅलरीतून पाहिली आहे, त्यांनी तो आवाज रोज सकाळी अकरा वाजता आपल्या कानाशी होतो आहे अशी कल्पना करावी.

अकराचा हा उल्लेख सहज केलेला नाही. काही वर्षांपूर्वी दुसरीतील एक मुलगा माझ्याकडे आला. तो वाचनात वर्गाच्या पुढे होता. पण जवळजवळ रोज कोणाला तरी ढकलीत असे, एकदा एका मुलीच्या ओठाला टाके घालावे लागले. तिच्या पालकांची तक्रार रास्तच होती. शाळेने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दाखला काढून नेण्यास सांगितले होते, आणि ‘काही औषध देऊन शांत करा’ अशी वडिलांची विनंती होती. मी औषध लिहिले नाही. वर्गशिक्षिकेला फोन करून दहा दिवसांची एक साधी नोंदवही ठेवण्याची विनंती केली. प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, असे तीन रकाने. वेळ लिहावयाची, मत लिहावयाचे नाही.

वर्गात ५० मुले असताना हे काम सोपे नव्हते, पण बाईंनी ते केले. दहा दिवसांत नऊ प्रसंग; त्यांतील सात अकराच्या लहान सुट्टीचे. घंटा नेमकी त्या वर्गाच्या दाराबाहेर टांगलेली होती, आणि मुलाचे बाक दाराशी होते. घंटा अचानक कडाडे, पाठोपाठ सारा वर्ग त्याच्या अंगावरून दाराकडे धावे, आणि तो समोर येईल त्याला ढकली. तिसऱ्या रकान्यात आणखी एक गोष्ट दिसली. ढकलल्यावर त्याला शिक्षा म्हणून कार्यालयाबाहेर बसवीत, आणि तेथे शांतता असे. म्हणजे ढकलल्याने त्याला हवे ते मिळतही होते.

बाकाची जागा बदलली, खिडकीकडच्या भिंतीशी, मागून कोणी येणार नाही अशी. आणि अकराला पाच मिनिटे असताना हजेरीपट कार्यालयात पोहोचविण्याचे काम त्याला दिले. पुढची कल्पना शिपाईमामांची. ‘आलाच आहेस तर घंटा तूच दे,’ असे ते एके दिवशी त्याला म्हणाले. पहिल्या दिवशी त्याने एका हाताने कान झाकून दुसऱ्या हाताने टोल दिले. स्वतः दिलेला आवाज अवचित येत नाही, हे शास्त्र त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. महिनाभरात ढकलण्याचे प्रसंग आठवड्यातून एखाद्यावर आले. दाखला निघाला नाही. सगळे काही सुरळीत झाले असे मात्र नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी तो अजूनही घरीच राहतो, आणि ज्या मुलीच्या ओठाला टाके पडले तिच्या आईवडिलांना शाळेचा निर्णय पटलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तो चटकन पटला असता, असे सांगता येत नाही.

औषधांविषयी यातच सांगून टाकतो. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्रॅझोल ही तीव्र चिडचिड व स्वतःला इजा करून घेणे यांसाठी, वजन व अन्य दुष्परिणामांवर लक्ष ठेवून, वापरावयाची औषधे आहेत. वर्ग शांत राखण्याचे ते साधन नव्हे. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली लाखो रुपये घेणाऱ्यांच्या मागे हताश पालक जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असेच सांगितले आहे. पालकांना हे आपण सांगितले नाही, तर जाहिरात त्यांना दुसरेच सांगते.

मुलाशेजारी दिवसभर बसणारी मदतनीस बाई ठेवण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण पुष्कळदा ती मूल आणि वर्ग यांच्यामधली भिंत होते. शिक्षिका तिच्याशी बोलतात, मुलाशी नाही. तिने हळूहळू मागे सरावे, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे. शेजारी बसणारा एक समंजस सवंगडी कित्येकदा अधिक काम करतो.

घरची भाषा कोणती?

सीमाभागातील आपल्या घरांचा हा खास प्रश्न आहे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही असे दिसताच ‘इतक्या भाषांनी गोंधळले आहे, आता घरीही फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला मिळतो. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण तो बऱ्याचदा आपल्याच व्यवसायबंधूंकडून मिळतो. या सल्ल्याला आधार नाही. दोन भाषांच्या घरांतील स्वमग्न मुलांची एकभाषी स्वमग्न मुलांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत दुसऱ्या भाषेमुळे तोटा झाल्याचे आढळलेले नाही. तोटा होतो तो वेगळाच. अडखळत्या इंग्रजीत बोलणारी आई कमी बोलते; ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ एवढ्यावर संवाद आटोपतो. लाड, अंगाई, चिऊकाऊची गोष्ट हे सारे जिच्या मराठीत आहे ती आजी तर गप्पच होते. ज्या मुलाला माणसांशी नाते जोडणे आधीच कठीण, त्याच्या भोवतीची बोलणारी माणसे आपण सल्ला देऊन कमी करतो. घरात जी भाषा सहज येते तीच बोलावी, असे मी चिठ्ठीवर लिहूनच देतो.

शाळेतील भाषांसाठी कायद्याने सवलत दिली आहे, आणि ती फारच थोड्या पालकांना ठाऊक असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा स्पष्ट समावेश आहे. या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावयाचा आहे. म्हणजे वर सांगितलेली ‘दाखला काढून न्या’ ही भाषा कायद्याला धरून नाही. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. तीन-तीन लिप्या गिरविणाऱ्या आपल्या मुलांना यातली शेवटची तरतूद केवढी मोलाची आहे, हे सांगावयास नको. सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षक नेमण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्देश दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना अशी पदे निर्माण करण्यास पुन्हा बजावले.

या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीवर आधारलेले असते. तिच्यात ४० मुद्दे असून ७० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास स्वमग्नता मानली जाते. ७० गुणांशी ४० टक्के दिव्यांगत्व जोडलेले आहे. प्रमाणपत्राचे नाव काढले की पालक कचरतात, ‘पोरावर शिक्का बसेल’ म्हणतात. मी त्यांना घाई करीत नाही. पण नववीच्या नोंदणीआधी कागद हाती असावा, एवढे सांगून ठेवतो, कारण दहावीच्या वर्षी धावपळ करणाऱ्यांची फार दमछाक होते.

आणि शाळेसाठी पत्र लिहिताना केवळ निदानाचे नाव लिहून थांबू नये. बाईंना त्या नावाने काही करता येत नाही. ‘पहिल्या रांगेत, दारापासून दूर बसवावे, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी डायरीत लिहून कळवावे, डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरू नये, फार अस्वस्थ झाल्यास दहा मिनिटे ग्रंथालयात बसू द्यावे, तोंडी उत्तर आले नाही तर लिहून घ्यावे,’ अशा चार-सहा ओळी, त्या मुलापुरत्या, बाईंना वाचता येईल अशा भाषेत आणि शक्य तर वाचता येईल अशा अक्षरात लिहाव्यात. खाली आपला फोन क्रमांक द्यावा. बाई फोन करतात, असा माझा अनुभव आहे; बहुधा दुपारी जेवणाच्या सुट्टीत.