नांव आणि क्रमांक

२०२३ सालीं आपल्या जिल्ह्याचें नांव बदलून उस्मानाबादचें धाराशिव झालें, हें आपण सर्वांनीं पाहिलें. त्या वेळची एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आली असेल. नांव बदललें, तरी शहराच्या पत्रांवरील ४१३५०१ हा पिन क्रमांक व जिल्ह्यांतील मोटारींवरील एमएच-२५ ही खूण होती तशीच राहिली. उलट रेल्वे स्थानकाची सांकेतिक खूण ‘यूएमडी’ अशी, म्हणजे जुन्या नांवांतील अक्षरांची होती. २०२५ सालीं स्थानकाचें नांव बदललें, तेव्हां ती खूणहि बदलून ‘डीआरएसव्ही’ अशी करण्यांत आली. एक खूण टिकली व दुसरी बदलली, असें कां व्हावें? याचें उत्तर शोधूं लागल्यास संगणकावरील नोंदींचें एक मुख्य तत्त्व आपल्या हातीं येतें.

संगणकांत नोंदींचा जो व्यवस्थित संग्रह असतो, त्यास डेटाबेस म्हणतात. त्याच्या तक्त्यांत एकेका ओळींत एकेका व्यक्तीची किंवा वस्तूची नोंद असते. समजा, एकाच वर्गांत एकाच नांवाचीं व आडनांवाचीं दोन मुलें आहेत. केवळ नांवावरून नोंद शोधली, तर एकाची शिष्यवृत्ति दुसऱ्याच्या पदरीं पडेल व गरजू मूल उपाशी राहील. म्हणून प्रत्येक ओळीस स्वतंत्र क्रमांक देतात. त्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरांतील क्रमांक हें त्याचेंच घरगुती उदाहरण होय. प्रवेशाच्या वेळीं मिळालेला तो क्रमांक मूल शाळा सोडून गेल्यावरहि दुसऱ्यास देत नाहींत. नाहीं तर जुन्या दाखल्यावर नव्या मुलाचा हक्क लागूं लागेल.

असा क्रमांक कसा असावा? त्यांत कांहीं अर्थ भरूं नये, हा पहिला नियम. नांव, गांव, इयत्ता या गोष्टी बदलतात. त्यांवरून बनविलेली खूण त्यांच्याबरोबर बदलावी लागते. आधार क्रमांक याच विचारानें रचलेला आहे. महाराष्ट्रांतील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. त्या १२ अंकांत जात, धर्म, गांव किंवा जन्मवर्ष यांपैकीं कांहींच सांगितलेलें नसतें. जेथें अनेक संगणक एकमेकांस न विचारतां क्रमांक देतात, तेथें ‘यूयूआयडी’ नांवाची लांब खूण वापरतात. अंक व ए ते एफ हीं अक्षरें मिळून तींत ३२ चिन्हें असतात. त्यांची इतकीं निरनिराळीं रूपें होऊं शकतात कीं, योग्य रीतीनें यदृच्छेनें बनविलेल्या दोन खुणा सारख्या निघण्याचें भय जवळजवळ उरत नाहीं.

क्रमांक देणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो नीट ठेवणें व दाखविणें महत्त्वाचें आहे. ओळखीचा क्रमांक हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नव्हे. म्हणून तो अक्षरांप्रमाणें साठवावा. ‘००४७’ ही खूण आकडा म्हणून लिहिली, तर आरंभींचीं शून्यें जाऊन नुसते ४७ उरतात. एक्सेलच्या तक्त्यांत १६ अंकी क्रमांक आकडा म्हणून भरल्यास शेवटच्या अंकाचें शून्य होतें. बँकेचा खातेक्रमांक असा बिघडला, तर पैसे कोठें जातील, याचा विचार पालकांनीं करावा.

लांब क्रमांक वाचतांना डोळा चुकतो. म्हणून आधारचे अंक चार-चारांचे गट पाडून छापतात. त्याचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. डच गणिती व्हरहूफ यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें तो आधींच्या अंकांवरून काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर त्यायोगें संगणकास चूक तत्काळ कळते. तसेंच, पूर्ण क्रमांक जेथें तेथें उघडा करूं नये. आधारचे पहिले आठ अंक झांकून शेवटचे चारच दाखविणारी प्रत मिळते; जेथें ती चालते, तेथें तीच द्यावी.

तात्पर्य, नांव हें माणसाचें असतें व क्रमांक हा त्याच्या नोंदीचा असतो. उत्तम मेंढपाळाच्या दृष्टांतांत मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें ओळखतो, हें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकलें आहे. यंत्राला ती ओळख नसते. म्हणून त्याला क्रमांक लागतो. तो क्रमांक काळजीनें लिहिणें म्हणजे त्यामागच्या माणसाचा हक्क सांभाळणें होय. उद्यां तुमच्यांपैकीं कोणी अशा नोंदवह्या रचूं लागेल, तेव्हां त्यानें एवढें अवश्य स्मरणांत ठेवावें.